खालून हात गेला पायजे

नव्या घरात राहायला गेलं की लोक आधी नळाला पाणी येतं का ते बघतात. मी आधी वाकते आणि कपाटाखाली हात घालून बघते. हात आरपार गेला तर जिवाला बरं वाटतं, अडकला तर चार विटा शोधायला निघते. माझ्या नवऱ्याला या खोडीचं मूळ ठाऊक आहे, त्यामुळे तो आता काही विचारत नाही, मुकाट्यानं विटा आणून देतो. हे खूळ मला हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आमच्या घरमालकांनी लावलं.

तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी रुजू झाले. नोकरी नवी, गाव नवं, आणि माझी सांगलीकडची भाषा ऐकून वर्गातली पोरं तोंडावर हात धरून हसायची. कुणीतरी सांगितलं म्हणून खोली बघायला गेले, तर अंगणात एक जुनी पिवळी छोटी बस उभी होती आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. पायांनी विचारलं, "कोण हाय?" मी म्हटलं, शाळेतली नवी शिक्षिका, खोली बघायला आलेय. पाय थोडे आत सरकले. मग म्हणाले, "वजन किती तुमचं?"

घरमालक काय काय विचारतात याची मला कल्पना होती. लग्न झालंय का, मांसमच्छी करता का, पाहुणे किती येतील. वजन कुणी विचारलं नव्हतं. मी मागे फिरणारच होते, एवढ्यात ओसरीवरच्या खाटेवर पडलेल्या बाईंनी हाक मारली. "जाऊ नका ओ मॅडम. तेंच्या डोक्यात येगळंच काही तरी चालू राहतंय. इकडं या, माझ्याजवळ बसा." त्या उठल्या नाहीत, नुसता हात हलवला. मी त्यांच्या खाटेशी बसले. तोवर पायांमागून बाकीचा माणूस बाहेर आला होता. उंच, वाळका, मान डावीकडे कलती, उजव्या कानाच्या पाळीला काळं ग्रीस. त्यानं आधी मला पाहिलं, मग खाटेवरच्या बाईंना पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"हिच्या बराबरीच्याच दिसतेत," तो म्हणाला. "खोली दिली."

माझ्याआधी एक तलाठी येऊन गेले होते म्हणे. शेलाटे, भले, एकटे गृहस्थ. त्यांना खोली नाकारली होती, वजन कमी भरलं म्हणून. ही भानगड काय आहे ते मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी एवढंच पाहिलं की माझी ट्रंक खोलीत ठेवली न ठेवली तोच घरमालक आले, जमिनीला गाल लावून तिच्याखाली बघितलं आणि चार विटा आणून त्यांवर ती चढवली. "खालून हात गेला पायजे," म्हणाले आणि खरोखरच हात घालून दाखवला.

हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं. त्या घरातली खाट विटांवर होती, टीव्ही ठोकळ्यांवर होता, कोंबड्यांचं खुराडं, धान्याची कोठी, तुळशीची कुंडी, सगळं जमिनीपासून हातभर वर. झाडू कुठंही अडत नसे हे कबूल केलं पाहिजे. एस.टी.च्या वर्कशॉपात त्यांची सगळी नोकरी पाट्यांवर गेली होती. गाडीच्या चाकावर धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांना पाटा म्हणतात. रस्त्याचा सगळा मार तो खातो. जन्मभर गाड्यांच्या पोटाखाली पडून राहिल्यामुळे त्यांना जग खालून बघायची सवय लागली होती. निवृत्त झाले तरी काखोटीला एक घडी घातलेलं पोतं कायम असायचं. किराणा आणायला जाताना, देवळात जाताना, कुणाच्या बारशाला जाताना. कुठंही गाडी दिसली की पोतं अंथरायचं आणि आत शिरायचं.

गोरेगाव-सेनगाव चालणारे जीपवाले त्यांना लांबून ओळखायचे. कुणी हात जोडायचं, कुणी गाडी पुढे काढायचं. माणसांचं मापही ते त्याच हिशेबानं काढायचे. अमक्याचा पाटा बसला, म्हणजे माणूस खचला. तमक्याचा पाटा लई कडक, म्हणजे माणूस कुणाचं ऐकत नाही. शाळेजवळ कुणीतरी हौसेनं रस्त्यावर उंच ब्रेकर करून ठेवला होता, त्याच्याशी त्यांचं उभं वैर. तिथून जाताना ते दर वेळी थांबून त्याच्याकडे बघायचे, आपल्याला फसवलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसे.

बरं, त्यांचं सगळं बरोबरच निघायचं असंही नाही. गावातल्या एका लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली जीप मांडवापुढे आली. घरमालक कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उभे होते. लोक अक्षता शोधत होते तोवर यांनी पोतं अंथरून आत मुसंडी मारली आणि आतूनच जाहीर केलं, "मेन पाटा तुटला. नवरदेवाला उतरवा." वरात खोळंबली. वाजंत्री थांबली. फेट्यातला नवरदेव शेवटी खुर्च्या आणलेल्या टेम्पोत उभा राहून मिरवला. मग जीपच्या ड्रायव्हरनं खाली जाऊन पाहिलं तर पाट्यात तुरीची एक तुराटी अडकली होती, तिचं टोक चिरेसारखं दिसत होतं. त्यानं ती सगळ्यांदेखत काढून यांच्या हातात दिली. यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "आज तुराटी हाय, उद्या चीर पडंल," म्हणाले आणि पंगतीला जाऊन बसले. ती जीप अजून धावतेय.

ही गोष्ट मला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे त्या खाटेवरच्या बाई, आमच्या घरमालकीण. सांगता सांगता त्या हसायच्या आणि मध्येच कंबर धरून म्हणायच्या, "नगं माय, हसले की कळ येती." त्यांच्या मणक्यातली गादी सरकलेली होती. हळूहळू चालता यायचं, आडवं पडता यायचं, पण बसणं नाही, वाकणं नाही, पाय उचलून वर ठेवणं नाही आणि धक्का तर मुळीच नाही. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. एकदा हट्टानं जीपमध्ये बसून माहेरी निघाल्या, तर अर्ध्या वाटेत शुद्ध हरपली आणि पुढे कितीतरी दिवस अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून माहेर बंद.

माहेर कुठं दिल्लीला नव्हतं. साखऱ्याच्या शिवारात, गावाच्या पुढे ओढा ओलांडला की त्यांच्या भावाचा आखाडा. आखाडा म्हणजे शेतातलं घर, गोठा, शेळ्यामेंढ्या, सगळं एकत्र. तिथं काकूंची म्हातारी आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला गाडीतून कुठं न्यायचं नाही असं सांगितलेलं. भाऊ संध्याकाळी फोन लावायचा आणि तिच्या कानाशी धरायचा. म्हातारी विचारायची, "कवा येतीस?" काकू इकडून बेंबीच्या देठापासून ओरडायच्या, "येती गं, येती!" तिकडे काहीच ऐकू जायचं नाही. म्हातारी पुन्हा विचारायची, "कवा येतीस?" मग भाऊ फोन ठेवायचा.

"आईला ऐकू येत न्हाई, मला बसता येत न्हाई," काकू फोन उशाशी ठेवत म्हणायच्या. "दोघींची बरी जोडी जमली." हे त्या हसून म्हणायच्या, पण नंतर भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि मी माझ्या खोलीत निघून जायची.

ती पिवळी बस त्यासाठी होती. कुठल्याशा इंग्रजी शाळेनं मोडीत काढलेली. घरमालकांनी तिची सगळी बाकडी उपटून टाकली होती आणि आत एक पलंग बोल्ट मारून बसवला होता, त्यावर चांगली जाड गादी. कडेला गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, हात धुवायचं भांडं, एक पंखा, कोपऱ्यात हलणार नाही असा देव्हारा. खिडक्यांना काकूंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. एका खिडकीच्या चौकटीवर पोरांनी करकटकानं कोरलेली नावं आणि एक बदाम होता, तो काकूंनी खरवडू दिला नाही. मागच्या दारावर घरमालकांनी स्वतः ब्रश घेऊन, एस.टी.वर असतं तसं लिहिलं होतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. गाव तिला घरगाडी म्हणायचं. घरमालक नुसतं 'घर' म्हणायचे. दगडविटांच्या राहत्या घराला ते शेड म्हणायचे. "मी घरी हाय" म्हणाले की समजायचं, अंगणात बसमध्ये आहेत.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही निघालो. काकूंना बसची खालची पायरी कशीबशी चढता आली, तीही पुढे एक फळी टाकून. भाऊ त्या दिवशी शेळ्या घेऊन हिंगोलीच्या बाजाराला गेला होता, त्याला मुद्दामच कळवलं नव्हतं. आईपुढे एकदम जाऊन उभं राहायचं, असा काकूंचा बेत. घरमालक गाडी इतकी हळू हाकत होते की बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. काकू पडल्या पडल्या विचारायच्या, "आता कुठं आलो?" आणि मी खिडकीतून बघून सांगायची. साखऱ्यापर्यंत सगळं झकास झालं.

पुढे गाडीवाट आणि मग ओढा. ओढ्याच्या मधोमध खडक वर आला होता, त्याला तिकडे कासव म्हणतात. बैलगाडी त्याच्यावरून जाते, ट्रॅक्टर जातो. आमची बस गेली नाही. खालून खरखर असा आवाज आला आणि ती कासवावर पोट टेकून बसली. चाकं नुसती पाण्यात फिरायला लागली. घरमालक उतरले, पोतं पाण्यातच टाकलं, आडवे झाले आणि हात घातला. हात गेला नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूनं घातला. तिथूनही गेला नाही.

वर पलंगावर काकू कोपरावर उठल्या होत्या. खिडकीतून समोर आखाडा दिसत होता. पत्र्याचं छप्पर, कडुलिंब आणि त्याच्या सावलीत खाट, खाटेवर पांढरं काहीतरी. "आई हाय ती," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर हातात घेऊन खिडकीबाहेर हलवला. मग एकदाच हाक मारली, "आई!" पांढरं काहीतरी तसंच राहिलं. ट्रॅक्टरवाला आला, त्यानं साखळी लावून बस मागे ओढली, त्या ओढण्यात बस कलली आणि काकूंनी माझं मनगट असं दाबलं की त्याचे वळ दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना दिसले. आम्ही परत आलो. त्यानंतर काही दिवस घरमालकांनी कशाखालीही वाकून पाहिलं नाही.

मग एका दुपारी ते मोबाइल घेऊन माझ्या दाराशी आले. कुठल्याशा देशातल्या गोऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ होता. त्याचीही घरगाडी होती, आपल्या एस.टी.एवढी. तो एक खोकं उघडायचा, त्यातून नवेकोरे पाटे, लांब शॉकअप, बोल्ट काढायचा आणि अंगणातच गाडी उंच करायचा. मध्ये त्याची म्हातारी त्याला कॉफी आणून द्यायची. "काय म्हणतेत मॅडम ते?" मी सांगितलं, किट म्हणतात, गाडी उंच करायचं किट, म्हणजे खडकावर अडत नाही आणि वळणावर झोकही जात नाही. "किट!" घरमालक म्हणाले. "खोकं फोडलं की गाडी वर. मंग मिस्त्री कशाला पायजे?" असं म्हणून ते गेले, आणि तोच व्हिडिओ त्यांनी रोज बघितला. कॉफीचा भाग आला की काकूंना हाक मारून दाखवायचे. काकू म्हणायच्या, "तिला वाकता येतंय, ती देती."

गाडी वीतभर उचलायची ठरली. खोक्याशिवाय. त्यांनी जुने पाटे सोडवले, त्यांना पुन्हा बाक दिला, वर एकेक पट्टी वाढवली, पाटा आणि चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले, लांब क्लॅम्प घडवून आणले. हिंगोलीहून लांब शॉकअप आले. ब्रेकची नळीसुद्धा लांब टाकली, नाहीतर ताण बसून तुटली असती. हे सगळं ते मला सांगायचे आणि मी पोरांच्या निबंधांवर लाल रेघा मारत हुं हुं करायची.

आता माझं वजन कामाला आलं. काकूंच्या जागी पलंगावर मी झोपायचं, उशाशी ताकानं काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवायचं, आणि घरमालक बस त्या शाळेजवळच्या ब्रेकरवरून न्यायचे. पहिल्या दिवशी बस उंच झाली होती खरी, पण वळणावर अशी डुलली की पातेलं माझ्या अंगावर आलं आणि सेनगाव रस्त्याच्या कडेला मला ओकारी झाली. घरमालकांना माझी काडीची दया नाही. खनपटीला बसले. "धक्का कुठं बसला? कमरंत का मानेत? आधी डुलली का आधी आदळली?" मी म्हटलं, आधी मला घरी नेऊन सोडा. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काल तुमी घरगाडीत झोपून काहून फिरून राहिल्या?" अख्खा वर्ग हसला. त्यांना समजावता समजावता माझी बोलीच त्यांच्यासारखी होत चालली होती.

झोक जाऊ नये म्हणून त्यांनी टपावरचं सामान उतरवलं, पाण्याची टाकी पलंगाखाली नेली, दोन्ही चाकांना सांधणारा एक आडवा दांडा बसवला. पुन्हा मी, पुन्हा ताक. असं करत करत एक दिवस ब्रेकरवरून गेलो आणि पातेल्यातलं ताक काठाशी आलं आणि परत फिरलं. घरमालकांनी बस थांबवली, मागे येऊन पातेलं पाहिलं आणि ते ताक तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं.

जायच्या दिवशी काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. आईला दात नाहीत म्हणून मऊसूत शिरा केला होता, तो मीच केला, त्यांनी पडल्या पडल्या सांगितला तसा. माझ्या हाताला धरून त्या एकेक पाऊल टाकत अंगण ओलांडून बसपाशी आल्या. शेजारीपाजारी जमले होते. घरमालकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले.

काकू पायरीकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. बस वीतभर वर गेली होती, म्हणजे पायरीही वीतभर वर गेली होती. आधी फळी टाकून जेमतेम चढता यायचं, आता पायरी त्यांच्या मांडीला लागत होती. महिनोन्महिने त्या गाडीखाली वाट्टेल तितक्या वेळा शिरलेल्या माणसानं तिच्या दाराकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आणि मीही नाही. मी तर रोज टुणकन उडी मारून आत जात होते.

"मी काय शेळी हाव, उडी मारायला?" काकू म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. शेजारचे दोघे पुढे आले, म्हणाले, काकू, खुर्चीत बसा, उचलून ठेवतो. काकूंनी मान हलवली. "मला उचलायचं ते एकदाच उचला. तवर न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पुढे आलेले दोघे मागे सरले. घरमालक म्हणाले, "मी उतरवतो. ठोकळे काढतो, आजच्या आज." "मंग कासवावरून काय उडून जाणार?" काकू म्हणाल्या. उंच ठेवली तर बाई चढत नाही, खाली घेतली तर बस ओढा ओलांडत नाही. घरमालकांनी पोतं जमिनीवर टाकलं आणि त्यावर बसले. त्यांना पोत्यावर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या त्या कलत्या मानेकडे बघवत नव्हतं. शिरा माझ्या हातात गार होत होता.

काकू माझ्या खांद्यावर भार टाकून उभ्या होत्या. त्यांचं अंग हलायला लागलं तेव्हा मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, कंबर धरून. "अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आमच्या आखाड्यावर बाजाराच्या दिवशी शेळ्या कशा चढवतेत, पाहिलं न्हाई का कधी?"

घरमालकांनी मान वर केली.

"बांधाला गाडी लावतेत. पाठमोरी. मागचं फळकं बांधावर टेकवतेत. शेळी बांधावरून चालत येती अन् चालत आत जाती. उडी मारायला लावली तर पाय मोडंल तिचा. तिथं बांध हायच, उतरायची तकलीफ न्हाई. इथं घाला की एक मला. शेळी म्हणा न्हाई तर बायको म्हणा."

घरमालक उठले. पोतं झटकलं, बसच्या मागे गेले, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' उघडला आणि आतल्या तळापासून जमिनीपर्यंत हात धरून वितीनं मोजायला लागले. मागच्या दाराला पायऱ्या नव्हत्याच, आतला तळ थेट दारापर्यंत आलेला. "बराबर हाय," ते म्हणाले. "बराबर हाय." त्या दिवशी जाणं झालं नाही, शिरा आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

मुरूम आला, दगड आले. घरमालकांनी अंगणात एक ओटा घातला, एका बाजूनं लांबच लांब उताराचा, इतका सौम्य की चढतोय हे पायाला कळू नये. गल्लीतले लोक त्याला हेलिपॅड म्हणायला लागले. काकू रोज सकाळी माझ्या हाताला धरून त्यावर जायच्या, वर जरा उभ्या राहायच्या, गल्ली बघायच्या. खाटेवरून त्यांना इतकी वर्षं नुसती कौलंच दिसत होती. "ह्या घराला माडी कवा चढली?" असं त्या कुणाकुणाच्या घराबद्दल विचारायच्या. ओट्यावरची माती बसली, मग निघालो.

काकू चालत चालत आत गेल्या. दारावरचं ते लिहिलेलं त्यांनी वाचलं. "बाहेर पडायचं म्हणतेत, अन् मी तर आत चालले," म्हणाल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. मी उशाशी ताकाचं पातेलं घेऊन बसले, सवयीनं. ओढ्याच्या मधोमध घरमालकांनी बस थांबवली. पुढची चाकं कासवाच्या दोन बाजूंना होती. ते उतरले, पोतं अंथरलं आणि हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला. तसेच पडून राहून त्यांनी मला हाक मारली, "मॅडम, बघा." मी खिडकीतून मान काढून बघितलं. मग ते उठले आणि आम्ही ओढा पार केला, ताक न सांडता.

आखाड्यावर भाऊ वाट बघत होता. त्यानं हात हलवत बस मागे मागे घेत बांधाला लावली. मागचं दार उघडलं तर समोर शेळ्यांची रांग. बांधाला गाडी लागली म्हणजे बाजाराचा दिवस, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. काकू पलंगावरून उठेपर्यंत एक ढवळी शेळी टुकटुक चालत आत आली आणि देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. भाऊ ओरडत आला, "अक्का, थांब, हिला काढतो आधी!" काकू म्हणाल्या, "राहू दे रे. तिनंच तर वाट दाखवली मला."

म्हातारीला उचलून घेतल्याचं काही वाटत नव्हतं. लेकानं तिला खाटेवरून लेकरासारखं दोन्ही हातांवर घेतलं, बांध चढला आणि पलंगावर लेकीशेजारी आणून ठेवलं. म्हातारीनं काकूंच्या तोंडावरून, केसांवरून, गळ्यावरून हात फिरवला. फार वेळ फिरवत होती. मग म्हणाली, "कवा आलीस?"

काकूंनी तिचा हात गालाशी धरून ठेवला. मला तिथं बसवेना, मी खाली उतरून कडुलिंबाखाली आले.

जेवणं तयार झाली तेव्हा घरमालकांचा पत्ता नव्हता. भाऊ गोठ्यात बघून आला, विहिरीकडे बघून आला. मी बसपाशी गेले आणि वाकले. ते होतेच तिथं, पोत्यावर उताणे, छातीवर पाना. काही करत नव्हते. आधीच्या उंचीला तिथं अंग चोरून शिरावं लागायचं, आता माणूस ऐसपैस पडला होता. "चला, जेवायला वाढलंय," मी म्हटलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच बोटानं वर दाखवलं.

वर दोघी मोठमोठ्यानं बोलत होत्या. म्हातारीला ऐकू यावं म्हणून काकू एकेक शब्द ओरडून सांगत होत्या. शेगडी, पंखा, गादी, सगळं ओरडून. लांब शेतापर्यंत ऐकू जात असेल.

"अन् जावई कुठं हाय?" म्हातारीनं विचारलं.

"खाली!"

"आं?"

"खाली हाय! गाडीखाली!"

"तिथं काय करून राहिला?"

इतक्या दिवसांत काकूंनी नवऱ्याबद्दल चेष्टेशिवाय एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. हळू बोलायची सोय असती तर तेव्हाही बोलल्या नसत्या.

"मला धरून हाय!" काकू ओरडल्या.

"आं?"

"मला धरून हाय म्हणलं, आई! खालून! धरून हाय मला!"

घरमालकांनी छातीवरचा पाना उचलला आणि पाट्यावर हळूच एकदा टक् केलं, कान देऊन ऐकलं. "आवाज बराबर हाय, मॅडम," ते म्हणाले. "तुमी जेवून घ्या. मी येतो." मग तोंड चाकाकडे फिरवलं आणि पुन्हा पाना छातीवर ठेवला. मी जाऊन भावाला सांगितलं की ताट झाकून ठेवा.